संकटात पोथी मिटायची नाही

शेजारच्या ज्ञानम्मा अक्कांचा मोतीबिंदू चांगला पिकला होता, तरी शस्त्रक्रियेला त्या काही केल्या तयार होईनात. कधी उन्हाळा आड यायचा, कधी जावयाची बदली. खरं कारण भीती. शेवटी लेकीनं डॉक्टरांशी बोलून एक शुक्रवार ठरवूनच टाकला. तेव्हा अक्कांनी नवी टूम काढली, आधी बायबल वाचून पुरं व्हायला हवं. त्यांना अक्षर दिसेना, म्हणून वाचायला मी. पुस्तक उशीएवढं जाड. त्यांचा डाव मला कळत होता, पण नाही म्हणवेना.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आमची थोडी मराठी घरं उरली आहेत. बायबल मी तमिळमधूनच वाचत होते, पण वाचायची रीत माझ्या माहेरची. पोथीतला माणूस संकटात असताना पोथी मिटायची नाही, त्याला सुखरूप मार्गी लावून मगच उठायचं. हा नेम मी बायबलला लावला आणि फसले. योसेफाला भावांनी खड्ड्यात टाकलं, तेव्हा माझ्या घरी गॅसवर रसम होतं. खड्ड्यातून निघाला तो विकला गेला, मग तुरुंगात पडला. त्याला मोठा अधिकार मिळेपर्यंत रसम आटून भांडं काळं झालं. अक्का पोट धरधरून हसल्या. मी मात्र त्यांच्या देवावर चांगलीच चिडले होते.

गुरुवारी मोशे आपल्या लोकांना मिसर देशातल्या गुलामगिरीतून सोडवून घेऊन निघाला. मला हायसं वाटलं. पण थोडं पुढे जाते तर समोर समुद्र, मागून मिसरच्या राजाचे, त्या फारोचे रथ, आणि लोक मोशेलाच बोल लावताहेत. मी पान उलटणार, तोच अक्कांनी पुस्तकावर हात ठेवला. इथेच थांब म्हणाल्या.

मला ते मुळीच खपेना. एवढ्या बायकापोरांना काठावर सोडून मी उठू कशी? त्यात दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया. मी चक्क भांडले.

"पुढं काय झालं ते मला लहानपणापासून ठाऊक आहे," अक्का म्हणाल्या. "देवानं काय काय केलं, ते भीतीपायी विसरले होते. तू वाचलंस, तसं आठवत गेलं. उद्या मी जाते."

"मग मला का भीती वाटतेय?"

"तुला ठाऊक नाही ना, म्हणून. पुस्तक घेऊन चल. मी आत असेन तेव्हा पुढचं वाच."

शुक्रवारी अक्का लेकीचा हात धरून ताठ मानेनं आत गेल्या. मी बाहेरच्या बाकावर पुस्तक उघडलं. समुद्र दुभंगला, तेव्हा माझ्या तोंडून असा आवाज निघाला की शेजारच्या बाईंनी मला पाणी देऊ केलं.

डोळ्यावर पट्टी बांधून अक्का बाहेर आल्या. स्वतःचं काही सांगायच्या आधी त्यांनी विचारलं, "पोचले का सगळे?"

"पोचले," मी म्हणाले आणि त्यांना मिठी मारून रडले.