देवघरातली कॅसेट

शरदिनीने फडक्यात गुंडाळलेला टेपरेकॉर्डर काउंटरवर ठेवला, तेव्हा बिस्नू मिस्त्री गरम पाण्याच्या पेल्यातून चिमट्याने एक काळा रबरी बेल्ट बाहेर काढत होता. त्याने तो पुसला, दोन बोटांवर ताणून पाहिला आणि नाक मुरडून बाजूला टाकला.

दुकान कसलं, दशाश्वमेधाच्या मागच्या गल्लीतला कोनाडाच. गल्लीत एखादा सांड आडवा उभा राहिला की गिऱ्हाईक आतच अडकायचं. पण बिघडलेला टेपरेकॉर्डर, वॉकमन, ट्रान्झिस्टर घेऊन सगळं बनारस इथेच यायचं.

मिस्त्रीने फडकं सोडलं. हातात मावणारं, खांद्याला अडकवायचा पट्टा असलेलं जुनं यंत्र होतं ते. नाशिकच्या एका यजमानाने तेरा वर्षांपूर्वी शरदिनीच्या वडिलांना दिलेलं. मिस्त्रीने पाच स्क्रू काढले आणि जुन्या पानदानाच्या पाच कप्प्यांत एकेक ठेवला, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने. शरदिनी शाळेत गणित शिकवत होती. हा नीटनेटकेपणा पाहून तिला बरं वाटलं.

"बेल्ट गया है, बहनजी. एकदम ढीला."

"गरम पानी से ठीक नहीं होगा?"

"होगा. चार दिन. फिर आप मुझे गाली देंगी." त्याने मान हलवली. "नया लगाऊँगा. मिले तब."

तिला ते चार दिवससुद्धा हवे होते. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाच्या झटक्याने बाबांचा उजवा हात गेला आणि वाचाही गेली. चाळीस वर्षं ज्या माणसाने पोरांना वेदपाठाची संथा दिली, त्याच्या तोंडून पाणी हा शब्दही फुटेना. उरली होती एकच कॅसेट, त्यांच्याच आवाजातल्या वेदपाठाची, याच यंत्रावर भरलेली. सकाळी ती लावली की बाबांचे ओठ बरोबरीने हलायचे. डॉक्टर म्हणायचे, हे सोडू नका, यातूनच काही परत आलं तर येईल. यंत्र बंद पडून तीन आठवडे झाले होते. ओठही बंद पडले होते आणि बाबांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. इतर यंत्रांवर ती कॅसेट लावायची सोय नव्हती. शेजाऱ्यांच्या टेपवर लावून पाहिली तर बाबांचा आवाज चिरका होऊन धावत सुटला होता.

रोज शाळा सुटली की ती दुकानात डोकावायची. मिस्त्रीने जुन्या बेल्टची लांबी दोऱ्याने मोजून घेतली होती. तो दोरा खिशात घालून त्याने दालमंडीचा बाजार पालथा घातला, भंगारवाल्यांची पोती उपसली. खिळ्यांवर अकरा बेल्ट लटकू लागले. हा जाड, हा आखूड, हा बसतो पण आवाजाला थरथर आणतो. शरदिनीच्या कानाला ती थरथर मुळीच कळली नाही.

"मला तर चांगलं वाटतंय," ती आपल्या हिंदीत म्हणाली.

त्यावर त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जसं दोन अधिक दोन पाच लिहिणाऱ्या मुलीकडे ती स्वतः पाहायची. तिला राग यायला हवा होता. पण वाटला तो आदर. आपल्या कामात इतका हट्टी माणूस तिने आयुष्यात दुसरा एकच पाहिला होता, आणि तो आता भिंतीकडे तोंड करून पडला होता.

नवव्या दिवशी त्याच जातीचं एक मेलेलं यंत्र त्याला सापडलं. पुराच्या पाण्यात बुडून आतून सडलेलं, पण बेल्ट शाबूत. तेवढ्यासाठी त्याने अख्खं धूड उचलून आणलं होतं. बेल्ट बसवून त्याने मोटरच्या पाठच्या बारीक भोकात स्क्रूड्रायव्हर घातला आणि वेग मोजायची एक कॅसेट लावून केसभर इकडे, केसभर तिकडे करत तो अगदी बिनचूक जुळवला.

"कंपनीने भी ऐसा नहीं बनाया होगा," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसला.

दुसऱ्या दिवशी शरदिनी यंत्र घेऊन परत आली. तिचे डोळे सुजले होते.

आवाज तसाच चिरका येत होता, शेजाऱ्यांच्या टेपवर आला होता तसा. बाबांनी ऐकलं आणि डोळे मिटून घेतले.

मिस्त्रीने वेग पुन्हा मोजला, तो बिनचूक होता. मग त्याने कपाळावर हात मारून घेतला. कॅसेट भरली तेव्हाच बेल्ट सैल झाला होता, त्याने समजावून सांगितलं. यंत्र हळू चालत होतं, आवाजही तसाच हळू भरला गेला. आता यंत्र बरोबर झालं, म्हणून आवाज चुकला. पुन्हा तेवढंच बिघडवावं लागेल. किती, ते कॅसेट ऐकल्याशिवाय कळायचं नाही.

"कैसेट ले आइए."

"ती देवघरात असते. दुकानात नाही आणायची मी," ती हिंदीतच म्हणाली.

"तो मैं क्या करूँ? मैं किसी के घर नहीं जाता."

"शिवरामभटांचं घर आहे, माझ्या वडिलांचं. मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत. फार लांब नाही."

त्याच्या हातातला चिमटा तिथेच थांबला. त्याने पानदानाचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

"कल सुबह," तो म्हणाला.

सकाळी तो आला तो आंघोळ करून, ओल्या केसांनी, धुतलेल्या धोतरात. त्यांच्या दाराची चौकट बुटकी. नवा माणूस हटकून डोकं आपटून घ्यायचा. हा सांगण्याआधीच वाकला. चपला पायरीच्या उजव्या अंगाला भिंतीशी लावून ठेवल्या, जिथे पूर्वी पाठशाळेची पोरं ठेवायची.

शरदिनीने देवघरातून कॅसेट आणली. मिस्त्री बाबांच्या खाटेशी खाली बसला, त्यांच्या पाठीकडे. यंत्र उघडं मांडून त्याने बटण दाबलं. चिरका आवाज धावू लागला. त्याने स्क्रूड्रायव्हर भोकात घातला आणि डोळे मिटले. आवाज उतरला. अजून थोडा उतरला, जाड झाला.

"इतकाच होता," शरदिनी म्हणाली. "असाच असायचा."

"नाही. अजून वर," तो म्हणाला. "शरू, जरा गप्प बस."

अस्सल मराठीत म्हणाला. आणि शरू तिला आईच्या पश्चात कुणी म्हटलेलं नव्हतं.

स्क्रू केसभर मागे फिरला. मिस्त्री पुटपुटू लागला होता. आधी नुसते ओठ, मग आवाज, कॅसेटच्या आवाजात आपला आवाज मिसळून, दोन्ही एक होतात का ते पाहत. आणि त्याची मान हलत होती. स्वर चढला की वर, उतरला की खाली. बाबा पोरांची डोकी धरून अशीच हलवायचे, म्हणून त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस पाठ म्हणू लागला की मान आपोआप हलायचीच.

तिला आठवलं. ती सहा वर्षांची असताना विष्णू नावाच्या मुलाने बाबांचं गजराचं घड्याळ उघडलं होतं. चाकं अंगणभर झाली. "संथा सोडून खिळेमोळे खेळायचे असतील तर हा उंबरठा पुन्हा चढू नकोस," बाबा ओरडले होते. मुलगा रडत गेला होता, आणि मुठीत एक चाक घेऊन गेला होता.

खाट करकरली. बाबांनी कूस बदलली होती. ते त्या ओल्या केसांच्या डोक्याकडे पाहत होते.

विष्णू डोळे मिटून म्हणतच होता. एका जागी कॅसेटमधला स्वर उतरला आणि त्याची मान तशीच ताठ राहिली. त्याच क्षणी बाबांचा डावा हात पांघरुणातून बाहेर आला, हवेत थोडा चाचपडला, त्याच्या डोक्यावर टेकला आणि त्याने ते डोकं खाली दाबलं.

विष्णूचा आवाज थांबला. कॅसेट पुढे जात राहिली. स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातातून फरशीवर पडला, तो त्याने उचलला नाही. शरदिनी पदर तोंडाशी धरून उभी होती.

मग त्याने डोकं न हलवता, नुसता हात लांब करून कॅसेट मागे घेतली. चुकलेली जागा पुन्हा आली. कॅसेटबरोबर तो म्हणू लागला, आणि या वेळी बाबांचे ओठही हलत होते. स्वर उतरला तशी मान नेमकी खाली गेली. तरी हात तिथेच राहिला.