कोंडीबाईच्या नवसाचा कोंबडा

सन २०२३, मार्च महिना, शिशिर ऋतूची अखेर. कशेळे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीत, कोंडीबाईच्या पडवीत, मी अंडे फोडून बाहेर आलो. मी एक कोंबडा. जन्माबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

मे महिन्यात कोंडीबाईची मुलगी सोनाली बाळंतपणात अडली. दवाखान्यात न्यायला जीप येईना. तेव्हा कोंडीबाईने मला उचलले, गावदेवीच्या दिशेने तोंड केले आणि म्हटले, "दोघांना सुखरूप सुटू दे, हा कोंबडा तुझा." लागलीच माझ्या पायात लाल दोरा बांधण्यात आला. भाविका जन्मली. मायलेकी ठणठणीत राहिल्या.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कोंडीबाई तेव्हा तीन वर्षांपासून दर रविवारी कशेळ्याला ख्रिस्ती प्रार्थनेस जात होती. येशूवरील तिचा विश्वास खोटा नव्हता. फक्त जीप उशिरा आली होती.

त्यानंतर वर्षभर तिने मला देवीला वाहिले नाही, विकले नाही आणि खाल्लेही नाही. माझ्या भावंडांचा यथाकाल रस्सा झाला. मला तांदळाची कणी मिळत राहिली. माझे आयुष्य तिच्या द्विधा मनावर चालले होते. त्यामुळे त्या दोषाविषयी मी कधी कठोर मत बनवले नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये तिने बाप्तिस्मा मागितला. तयारीसाठी ख्रिस्ती मंडळीतील संध्याबाई घरी येत. त्या निवृत्त शिक्षिका होत्या. प्रश्न विचारण्याची सवय मात्र निवृत्त झाली नव्हती.

"कोंडीबाई, हा कोंबडा कोणाचा?"

"माझाच हाय, बाई."

"मग पायात दोरा कशाला?"

"हरवू नाय म्हनून."

"इतका लठ्ठ कोंबडा वाडीत दुसरा नाही. हरवेल कसा?"

कोंडीबाई खाली मान घालून कणी पाखडू लागली. संध्याबाईंनी चहा संपवला आणि उठताना एवढेच म्हटले, "देवाला सगळं मन द्यायचं असतं. थोडं बाजूला ठेवून उरलेलं देता येत नाही."

बाप्तिस्मा ५ मे २०२४ रोजी, रविवारी, पेज नदीवर ठरला. वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यामुळे ती उन्हाळ्यातही वाहते. शनिवारी दुपारी भाविकाला सणकून ताप भरला. कोंडीबाईचा दीर जैतू, जो वाडीच्या देवीची पूजा करतो, तडक आला.

"वयनी, देवीचा कोंबडा वरीसभर दाबून ठेवलास. आज दे. पोरीच्या जिवाशी खेळू नको गं."

"पोरीला दवाखान्यात नेते. जीप बोलव."

"आनि कोंबडा?"

"तो नाय."

"उद्या पोरीला काय झालं तर वाडी तुला दारात उभी करील का?"

"नाय करनार. ठावं हाय मला."

डॉक्टरांनी औषध दिले. ताप दोन-तीन दिवस राहील, असे सांगितले. सायंकाळी सारे परतले, तेव्हा भाविकाचे अंग तसेच तापलेले होते. जैतूने नुसते माझ्याकडे बोट दाखवले.

कोंडीबाईने भाविकाला सोनालीच्या मांडीवर दिले आणि कुडातला विळा काढला.

"भावजी, देवीची चेष्टा नाय केली मी. भ्याले, म्हनून बोलले. ती चूक माझी. पन मी येशूची हाय. ताप उतरला तरी त्याची, नाय उतरला तरी त्याचीच."

तिने विळ्याने माझ्या पायातला दोरा कापला. "आता हा साधा कोंबडा. उद्या नदीवरनं आल्यावर रस्सा करीन. तू बी ये."

"देवीचा कोंबडा खाऊन माझं पोट फुगंल!"

"मग वालाची आमटी खा. पन ये."

आज रविवार. कोंडीबाई नदीवरून ओल्या लुगड्याने परतली आहे. भाविकाला अजून ताप आहे. जैतू आला आहे; नातीच्या कपाळावरची ओली पट्टी तोच बदलतो आहे.

वर्षभर या बाईने मला भीत भीत पोसले. आता तिने मला उचलले आहे, आणि तिचा हात स्थिर आहे. वाचकांनी माझ्यासाठी हळहळू नये. जमल्यास भाविकासाठी प्रार्थना करावी. चुलीवरच्या पाण्याला उकळी आली आहे.