टाकीत न आलेला फुगवटा

प्रयोगशाळेत सगळे त्यांना टाकीवाले काका म्हणत. काचेच्या टाकीत एका बाजूला शाईचं पाणी, दुसऱ्या बाजूला साधं. मधली पट्टी काकांनी अलगद वर काढायची आणि दोन्ही मिसळत जाताना कॅमेऱ्याने फोटो घ्यायचे. प्रत्येक फोटो दाबून दाबून कॉम्प्युटर त्याची फाइल किती लहान करू शकतो, हे प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई पाहत. जितका गुंता जास्त, तितकी फाइल मोठी. एवढंच बाईंचं शास्त्र, आणि तोरा केवढा!

बाईंनी कॉम्प्युटरमध्येही अशीच एक खोटी टाकी मिसळून पाहिली होती. तिच्या फाइलींच्या आकाराच्या आलेखाला मध्यावर झकास फुगवटा यायचा. काकांच्या खऱ्या टाकीत तो काही केल्या येईना. एकतीस वेळा पट्टी काढून काकांच्या नाकी नऊ आले. शेवटी बाई चारचौघांत म्हणाल्या, "काका, तुमचा हात थरथरतो हो. सगळं आधीच ढवळलं जातं." काका नुसते हातांकडे बघत राहिले. आठवड्याभरात त्यांनी स्वतःच अर्ज देऊन सामानाची खोली मागून घेतली.

याला पाच महिने झाले. आज सकाळी बाईंना चूक सापडली, ती आपलीच. मोजणीआधी त्यांनी खोट्या टाकीच्या चित्रांत काळी, करडी, पांढरी अशा तीनच छटा ठेवल्या होत्या. दोन छटांच्या सीमेवर उगाच ठिपके उमटत होते आणि कॉम्प्युटर तेही गुंता म्हणून मोजत होता. ते काढले आणि फुगवटा गेला. आलेखाची रेघ काकांच्या टाकीच्या रेघेवर बरोब्बर बसली. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतःच्या चुकीचं खापर त्यांनी एका भल्या माणसावर फोडलं होतं.

चार गोड शब्दांचा मेल पाठवून मोकळं व्हावं, असं मनात आलं खरं. त्या विचाराचीच लाज वाटून त्या खाली सामानाच्या खोलीत गेल्या आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे माझा हात ठीक होता?" काकांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. माझं चुकलं, काका."

"असू द्या, बाई." काकांनी हातातलं खोकं खाली ठेवलं. "नातीला कडेवर घ्यायचं सोडलं होतं मी. म्हटलं, असल्या हातातून पडायची पोर."

"मग आता घ्या की!" बाई घाईघाईने म्हणाल्या.

"आता चालायला लागली ती," काका म्हणाले. "उचलायला गेलं की हात सोडवून पळते."