ग्रहणातली पिन

मित्रांनो, मी एक जुनी सेफ्टी पिन आहे, आणि मी कामाची की बिनकामाची, हे मला अजून कळलेलं नाही!

पुएब्ला शहराच्या बाजारातून ओतिलियाआजींनी मला आणलं ते सुनेसाठी. इर्माला सातवा महिना होता आणि ग्रहण तोंडावर आलं होतं. पोटाशी पिन लावली की ग्रहण बाळाला शिवत नाही म्हणतात. काय तो माझा थाट! पण ऐन ग्रहणात इर्मानं अंघोळीसाठी मला काढून साबणाशेजारी ठेवलं.

नोएमी जन्मली. डावा कान सुरेख, उजवीकडे मात्र नुसती शेंगदाण्याएवढी गाठ.

"काढलीस ना पिन? निस्तर आता," आजी म्हणाल्या, आणि पुढे वर्षानुवर्षं म्हणतच राहिल्या. दोष इर्माचा की माझा? माझं डोकं चालेना.

नोएमी चौथीत गेली, तिला चष्मा लागला. "आई, एका कानावर तो राहतच नाही. काल मक्याचे तमाले वाफवायच्या पातेल्यात पडला," ती म्हणाली. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरगडीचं मऊ हाड कोरून कान घडवता येतो. नोएमी आनंदानं उडालीच. इर्मा मात्र सही करेना.

"एकदा ग्रहणात पिन काढली आणि माझ्या हातून कान गेला. आता बरगडीही कापू देऊ?"

"ग्रहण कितव्या महिन्यात होतं?" बाईंनी विचारलं.

"सातव्या."

"कान त्याच्या कितीतरी आधी घडतो. ग्रहण लागलं तेव्हा तो असाच होता. तुमची काही चूक नाही."

सोबत आलेल्या आजी शालीच्या टोकाशी चाळा करत म्हणाल्या, "म्हणजे मी हिला उगाच बोलले?"

"हो आजी. भरपूर," नोएमी म्हणाली.

इर्मानं सही केली. माझी सुटका झाली म्हणून हसू, की माझ्यात कधी बळच नव्हतं म्हणून रडू?

ऑपरेशनच्या दिवशी नोएमीला आत नेलं. धातूला आत मनाई, म्हणून मी आजींच्या हातात राहिले. बाहेर गारठ्यात इर्माची शाल सारखी घसरत होती. आजींनी शाल नीट ओढली आणि गळ्याशी मला लावलं.

"बस अशी. मी आहे," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, मला गंजू देऊ नका. मी शाल धरीन, तुटलेलं बटण सांभाळीन. पण कुठल्या आईला बोल लावायचा असेल, तर तो माझ्या टोकानं टोचू नका.