पांढऱ्या पडलेल्या पाटल्या

राणीच्या अमदानीतली गोष्ट. कल्याणच्या गंगुबाईंकडे वर्षाचे तांदूळ भरताना राखेत पारा खलून तो दाण्यांना चोळायचा रिवाज होता, म्हणजे कीड लागत नसे. हे काम कायम त्यांच्या विधवा नणंदेकडे. तिच्या हातात ना बांगडी ना अंगठी, आणि बिचारीला विचारतं कोण! ती गेली आणि काम नव्या सुनेवर आलं.

सुमतीनं हौसेनं कोपरापर्यंत हात घालून तांदूळ चोळले. हात धुऊन पाहते तर माहेरच्या सोन्याच्या पाटल्या पांढऱ्याफटक!

गंगुबाईंनी घर डोक्यावर घेतलं. "मुलामा दिलेली चांदी गळ्यात मारली आमच्या!" सुमतीचा नवरा मधु आईसमोर चकार शब्द काढेल तर शपथ. ठाण्याहून सुमतीचे वडील धावत आले; त्यांना सगळे भाऊ म्हणत. पाटल्या पाहून त्यांचं तोंडच उतरलं. सोनारानं फसवलं, असं समजून त्या भल्या माणसानं विहीणबाईंपुढे हात जोडले. गंगुबाईंनी पाटल्या पुराव्यादाखल ठेवून घेतल्या आणि पोरीला बापाबरोबर परत धाडलं.

पुढच्या साली तांदूळ चोळायला घरात उरलं होतं कोण? गंगुबाई स्वतःच बसल्या. थोड्या वेळानं पाहतात तर त्यांच्या बापानं दिलेल्या, जन्मभर मिरवलेल्या पाटल्याही पांढऱ्या पडलेल्या. हे सोनं तर खरंच होतं; मग हा पाऱ्याचाच प्रताप! एक पाटली काढून त्यांनी चिमट्यानं निखाऱ्यावर धरली. पारा उडाला, पिवळेपणा परत आला. मग सुनेच्या पाटल्या धरल्या. त्याही पिवळ्या झाल्या.

"काय करून बसले मी हे!" गंगुबाई रडू लागल्या.

दुसऱ्याच दिवशी मधुला घेऊन त्यांनी ठाणं गाठलं. सुमतीच्या हातात पाटल्या ठेवून म्हणाल्या, "सोनं खरं होतं गं. पाऱ्यानं घात केला, आणि मी तुला बोल लावला. चल घरी." भाऊंपुढे त्यांनी पदर पसरला. "भाऊ, माझं चुकलं. क्षमा करा."

सुमतीला हुंदका आवरेना. भाऊ मात्र भिंतीला टेकून खालीच बसले.

"तुम्हांला कसला दोष देऊ, विहीणबाई? पोपटशेट सोनार माझ्या बाळपणापासूनचा मित्र. त्याला मी भर बाजारात चोर म्हटलं. लोक त्याच्या दुकानाची पायरी चढेनासे झाले. बायकापोरं घेऊन तो गाव सोडून गेला, कुठे ते कोणालाच ठाऊक नाही. तुम्हांला निदान माझं दार तरी सापडलं. मी कोणाच्या दारात जाऊ?"