पेटीतला कागद

सुभीचा कागद दडवला तो मीच, ह्या सोजराबाईनं. दुसऱ्या कुणाला बोल लावायला जागाच न्हाई.

सुभी माझी एकुलती लेक. पंधराव्या वर्षी तिची छाती सारखी धडधडायली, म्हणून गुलबर्ग्याला नेलं. डॉक्टर म्हणाला, "अक्का, काळजाची एक झडप ढिली हाय. घाबरू नका, अशी लोकं म्हातारी होऊन नातवंडं खेळवत्यात. पण दात काढायचा असला तर आधी औषध घ्यायचं, न्हाईतर झडपेला जंतू लागतो अन् ती सडती. हा कागद पोरीजवळच ठेवा."

कागद इंग्रजीत. मला कुठलं वाचायला येतंय?

एकोणऐंशी साली ठाणाकुशनूरचं स्थळ आलं. पोरगा नरसिंग, शाळेत मास्तर. काळजाचं दुखणं असलेली पोरगी कोण करून घेतंय, बाई? मी कागद पेटीत लुगड्यांखाली घातला अन् सुभीला गळ्याची शपथ घातली, "सासरी चकार शब्द काढायचा न्हाई." पोर हसली. "आई, कामून एवढी भ्यायलीस?" पण शपथ पाळली. जळो ती शपथ!

गेल्या सुगीत तिची दाढ सुजली. सासू तिला औरादच्या बाजारात दात काढणाऱ्याकडं घेऊन गेली. सासू शेजारी बसलेली, सुभी कशी बोलंल? दाढ निघाली. पंधरा दिवसांनी ताप चढला, उतरंचना. हिवताप समजून गोळ्या दिल्या. मला निरोप आला तवा महिना उलटला होता. गुलबर्ग्याला पळवलं, पण झडप सडली होती. खाटेवर मला म्हणाली, "आई, मी कुणाला सांगितलं न्हाई बघ."

अगं माझे बाई, सांगायचं होतंस गं!

तेरावं झाल्यावर जावई आला. मी पेटी उघडली, कागद त्याच्यापुढं ठेवला अन् सगळं सांगून टाकलं. म्हणलं, "मारा मला, जावईबापू."

त्यानं कागद दोनदा वाचला. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"मामी, हितं काय लिहिलंय, ठाव हाय?"

"न्हाई बापू."

"लग्नाला हरकत न्हाई, असं लिहिलंय." त्याला हुंदका आवरंना. "अन् नसतं लिहिलं, तरी मी तिलाच करून घेतलो असतो."