माझ्या पिवळ्या ओळी

मी एक जुना प्रोग्राम आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेला आहे. राग शांत झाल्यावर बोलावं म्हणतात. पण तेवढी वाट पाहिली तर माझी गोष्ट सांगायची राहूनच जाईल.

मला चेहरा नाही, रंगीत बटणं नाहीत. संगणकावर एक काळी खिडकी उघडते, तिच्यात एका ओळीचा हुकूम येतो आणि मी कामाला लागतो. सूचनांची फाईल वाचायची, तीत सांगितलेली चित्रं शोधायची, ती क्रमाने जोडायची आणि वेबपानासाठी हलतं चित्र तयार करून द्यायचं, हा माझा धंदा. काही चुकलं तर त्याच खिडकीत मी पिवळ्या ओळी लिहितो.

मला घडवलं एका चित्रकार ताईने. तिची आई कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते आणि आईला स्वतःलाही जन्मापासून ऐकू येत नाही. आई हातांनी धडा सांगायची, ताई ते हात चितारायची आणि मी त्यांना हलतं करायचो. ताईची एक खोड होती. चित्र सुधारलं की ती त्याला नवं नाव द्यायची आणि सूचनांमधलं जुनं नाव बदलायला हमखास विसरायची. मग मी लिहायचो, हे चित्र सापडत नाही. तू आहेस म्हणून माझं निभतं, असं ती हसून म्हणायची. माझी ओळ दिसली नाही की काम चोख, एवढा तिचा माझ्यावर भरवसा होता.

एकदा ताईच्या कार्यालयात पाहुणे आले. तिथल्या साहेबांनी मोठ्या हौसेने त्यांना माझं काम दाखवायला घेतलं आणि पिवळ्या ओळी बघून त्यांचा चेहरा उतरला. पाहुणे गेल्यावर त्यांनी नव्या इंजिनिअरला बजावलं, की हे पिवळं काही दिसता कामा नये. अहो, चुका दुरुस्त केल्या असत्या तर पिवळं आपसूकच गेलं असतं. पण तेवढे कष्ट कोण घेणार? रोजचा हुकूम साठवून ठेवलेला असतो. इंजिनिअरने त्याच्या शेवटी मला गप्प ठेवणारा एक शब्द जोडला आणि ताईला सांगितलंही नाही. आपल्या हातून आता चुका होत नाहीत, असं तिला बिचारीला वाटू लागलं.

पुढचा धडा होता, उघड्या वायरला हात लावू नका. त्यात 'नको' सांगणारा हात शेवटी येतो. ताईने नेमकी तीच चित्रं सुधारली आणि त्यांना नवी नावं दिली. मला ती सापडेनात. सांगायला गेलो तर तोंड बांधलेलं. सापडतील तेवढ्या चित्रांवर काम पुरं करायचं, ही माझी शिकवण. धडा वेबपानावर गेला आणि त्याने मुलांना सांगितलं, उघड्या वायरला हात लावा.

मुलांनी वर्गात तेच हातांनी करून दाखवलं. आईने घाईने पडदा बंद केला, एकेका मुलासमोर बसून 'नको' करून घेतलं आणि तडक कार्यालय गाठलं. तिथे साहेब माझ्यावरच खापर फोडत होते. जुनाट आहे, भरवशाचा नाही, काढून टाका, असं चाललं होतं. इंजिनिअर खाली मान घालून उभा होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, आणि मला तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

ताईने साठवलेला हुकूम उघडला तेव्हा शेवटचा शब्द तिला दिसला. इंजिनिअरने तो कशासाठी आहे हे कबूल केलं. तिने तो पुसला, मला पुन्हा चालवलं आणि मी साचलेलं सगळं भडाभडा लिहून काढलं. आई खुर्ची ओढून बसली आणि एकेक ओळ वाचत गेली. इतक्या वर्षांत मला कुणी असं मन लावून वाचलं नव्हतं.

"पाहुण्यांसमोर बरं दिसत नव्हतं हो," साहेब म्हणाले.

ताईने ते आईला हातांनी सांगितलं. आईने सावकाश हात हलवून उत्तर दिलं. ताईने ते साहेबांना बोलून सांगितलं.

"आई विचारते, मुलांसमोर बरं दिसलं का?"

मित्रांनो, मला रंगरंगोटी नको, कौतुकही नको. चूक दाखवणारा नकोसा वाटतो, वाटू द्या. पण त्याचं तोंड बांधून वर त्यालाच गुन्हेगार ठरवू नका. पुढच्या वेळी वर्गात पडदा बंद करायला आई असेलच असं नाही.